बाक

गेल्या शनिवारी मी कुंग फूच्या शाळेत घडीची खुर्ची घेऊन गेलो आणि ती तशीच उचलून परत गाडीत ठेवून आलो. राग अजून गेलेला नाही.

शाळा फ्रीमाँटमध्ये, कॅलिफोर्नियात. मुलगी तिथे जायला लागली तेव्हा दहा-बारा पोरं होती आणि पालकांसाठी एक लांबलचक बाक होतं. त्यावर बसून मी वर्षभर फोन बघितला. सुखाचे दिवस. मग चिनी, तेलुगू, मराठी घरांतून पोरं इतकी लोटली की बाकच काढून टाकलं. सिफू, म्हणजे आमचे गुरुजी, हसत म्हणाले, "आपली शाळा कुटुंबाची! बघत काय बसता, उतरा!" घरातल्या दुसऱ्या माणसाला निम्मी फी. निम्म्या किमतीत मिळणाऱ्या गोष्टीला नाही म्हणायची आमच्या घरात पद्धत नाही. बायकोने माझं नाव घातलं. स्वतःचं नाही.

या विद्येत ज्येष्ठता वयावर नसते, शाळेत आधी कोण आलं त्यावर असते. त्यामुळे माझी आठ वर्षांची मुलगी माझी 'सीजे', म्हणजे गुरुघरची थोरली बहीण. उजवी मूठ डाव्या तळव्यावर ठेवून मी तिला नमस्कार करतो आणि ती मान हलवून तो स्वीकारते. घरी साधा पाण्याचा ग्लास आणून देत नाही.

पण खरं संकट म्हणजे त्या आजी. नातवाला घेऊन येतात. बाक गेलं तरी त्यांची प्लॅस्टिकची खुर्ची राहिली, आणि ती नेमकी माझ्यासमोर असते. मांडीवर सूर्यफुलाच्या बियांची पिशवी. दातांनी कट्‌ करून बी फोडायची, टरफल कागदी कपात टाकायचं, नजर माझ्या गुडघ्यांवर. पहिल्या दिवशी घोड्याची बैठक होती. घोडा नसताना घोड्यावर बसायचं, मांड्या जमिनीला समांतर. माझ्या मात्र पोस्टाच्या पेटीइतक्या उंचीवर थांबल्या. आजी म्हणाल्या, "दाय दी."

मला ऐकू आलं, "ताई, दे." म्हटलं, आमच्या सीजेकडे काहीतरी मागतायत. मी मुलीला खुणावलं, आजींना काय हवंय ते दे. तिने आपली पाण्याची बाटली नेऊन दिली. आजींनी ती शांतपणे खुर्चीखाली ठेवली, कट्‌ करून एक बी फोडली आणि पुन्हा, "दाय दी!" या वेळी तळहात जमिनीकडे दाबून. शेवटी त्यांच्या नातवाने खुलासा केला: कँटोनीज या चिनी बोलीत याचा अर्थ 'अजून खाली'. वर्गातली सगळी पोरं हसली. माझी ज्येष्ठ भगिनी सगळ्यांत मोठ्याने.

त्या अवस्थेत मला बोधिधर्म आठवला. तो कांचीपुरमहून चीनला गेला आणि तिथल्या शाओलिन मठातल्या भिक्षूंना कुंग फू शिकवलं, असा फॉरवर्ड आमच्या मंडळाच्या ग्रुपवर महिन्याला एकदा फिरतो, खाली तिरंगे. इतिहासकार म्हणतात, ही गोष्ट बरीच नंतरची. नंतरची असेल तर बरंच आहे. खरी निघाली तर त्या माणसाशी मला बोलायचंय.

आणि ते पट्टे! रंगीत पट्ट्यांची पद्धत मुळात जपानी ज्युदोवाल्यांची. जुन्या चिनी आखाड्यांत असलं काही नव्हतं. आमच्याकडे मात्र दर तीन महिन्यांनी परीक्षा, नवा रंग, वेगळी फी. परंपरा सोयीनुसार कुठूनही आणता येते, फक्त बाक परत आणता येत नाही.

म्हणून शनिवारी खुर्ची नेली. आजींच्या शेजारी मांडली, बसलोही. सिफू आले, वाकून अत्यंत नम्रपणे म्हणाले, "खुर्ची फक्त सत्तरीच्या पुढच्यांना." मी सेहेचाळीसचा आहे. गुडघ्यांचं वय कुणी विचारलं नाही.

गाडीत खुर्ची ठेवून परत आलो तर सगळे बैठकीत. माझी जागा तेवढी रिकामी, आणि समोर आजींनी पिशवीत हात घातलेला.

कट्‌.