कोल्हापूरच्या नावाचा कप : एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार दादा,

'करवीरकर' एवढंच नाव लावून तुम्ही लांबलचक प्रतिक्रिया लिहिलीत. ती रागानं लिहिली आहे, पण मनापासून लिहिली आहे. म्हणून दोन ओळींत आभार मानून विषय मिटवणं मला पटेना.

ज्यांनी मूळ लेख वाचला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. इंग्लंडमध्ये सरे परगण्यात बिस्ले नावाचं ठिकाण आहे. तिथं दर जुलैमध्ये लांब पल्ल्याच्या रायफल नेमबाजीच्या मोठ्या स्पर्धा भरतात. त्यांत राष्ट्रांच्या संघांची एक लढत असते, तिचं नाव 'कोलापोर'. म्हणजे आपलं कोल्हापूर, जुन्या इंग्रजी वळणानं. कप आपल्या महाराजांनी दिलेला आणि १८७१ पासून त्यासाठी लढत होत आलेली. या लढतीत भारताचा संघ नेमानं उतरावा आणि त्यात कोल्हापूरची पोरं-पोरी असावीत, असं मी लिहिलं होतं.

त्यावर तुमचं म्हणणं असं : हा कप म्हणजे गुलामीची खूण आहे, शाहू महाराजांच्या नगरीत तिचं कौतुक नको. ही स्पर्धा ऑलिंपिकमध्ये नाही, ती इंग्लंडमधल्या निवृत्त साहेबांची करमणूक आहे. नेमबाजी हा एकट्याचा खेळ, आठ जणांच्या गुणांची बेरीज केली म्हणून काही संघ होत नाही. आणि शेवटी, "ताई, इथं पोरांना पेलेट मिळायची मारामार आणि तुम्ही बिस्लेच्या गप्पा मारताय." (पेलेट म्हणजे एअर रायफलच्या छोट्या गोळ्या.)

आधी इतिहासाचं बोलू. शाहू महाराजांचा या कपाशी संबंध नाही. त्यांचा जन्मच १८७४ चा. १८७० मध्ये इंग्लंडला गेले ते त्यांच्या आधीचे राजाराम महाराज. (शाहू महाराजांचे चिरंजीव राजाराम महाराज वेगळे, इथं पुष्कळांचा गोंधळ होतो.) सोळाव्या वर्षी दत्तक येऊन गादीवर बसलेला हा मुलगा विसाव्या वर्षी समुद्र ओलांडून विलायतेला गेला आणि परतीच्या वाटेवर ३० नोव्हेंबर १८७० रोजी इटलीत फ्लॉरेन्सला वारला. आर्नो नदीच्या काठी, दुसरी छोटी नदी तिला मिळते त्या संगमावर, त्याचं दहन झालं. तिथं आज छत्री उभी आहे, आत फेटा बांधलेला अर्धपुतळा आहे आणि शेजारच्या पुलाला तिथले लोक 'भारतीयाचा पूल' म्हणतात. छत्रीचा आराखडा मेजर मँट यांचा, म्हणजे आपला नवा राजवाडा ज्यांनी आखला त्यांचाच. कप या दौऱ्याच्या पाठोपाठचा आहे.

तुम्ही विचारलंय, ज्यांनी सत्तावन्नच्या उठावानंतर कोल्हापूरच्या राजघराण्यातल्या चिमासाहेबांना कराचीला नेऊन ठेवलं, त्यांनाच चांदीचा कप द्यायचा? प्रश्न रास्त आहे आणि तो मी टाळणार नाही. त्या काळी संस्थानिकाच्या प्रत्येक देणगीत सरकारची मर्जी सांभाळणं असायचंच. चिमासाहेब परत आले नाहीत, कराचीतच गेले, आणि त्यानंतर दोनच वर्षांत कोल्हापूरच्या नावाचा कप विंबल्डनच्या माळावर ठेवला गेला. (तेव्हा या स्पर्धा विंबल्डनला होत, १८९० पासून बिस्लेला.) हे वाचताना मलाही त्रास होतो.

पण त्याच इतिहासाचा पुढचा भाग बघा. १८७८ मध्ये शस्त्रांचा कायदा आला आणि हिंदी माणसाच्या हातात परवान्याशिवाय बंदूक राहिली नाही. रायफल क्लब, व्हॉलंटियर दलं, चांदमारीची मैदानं गोऱ्यांची झाली. त्या काळी हिंदुस्थानच्या नावानं या कपासाठी जे संघ उतरले त्यांत बहुतेक इथं नोकरीला असलेले इंग्रजच होते. म्हणजे कप कोल्हापूरचा, संघाचं नाव हिंदुस्थान, आणि रायफलीमागं आपला माणूस नाही. तुमचा राग या गोष्टीवर असायला हवा आणि त्यावरचा उपाय स्पर्धेकडं पाठ फिरवणं हा नव्हे. हॉकी आपण इंग्रजांकडूनच शिकलो आणि १९४८ साली लंडनमध्ये, त्यांच्याच मैदानावर, त्यांनाच ४–० हरवून सुवर्णपदक आणलं. तेव्हा कुणी म्हणालं नाही की हा खेळ साहेबाचा, आपण खेळू नये. आपण गेलो नाही तरी तो कप तिथंच राहणार आणि दरवर्षी कुणीतरी तो जिंकणार. कोल्हापूर मात्र फक्त नावापुरतं उरणार.

ऑलिंपिकचा मुद्दा मला मान्यच नाही. २०१० मध्ये म्युनिकला तेजस्विनी सावंत जगज्जेती झाली ती ५० मीटर प्रोनमध्ये, म्हणजे पालथं झोपून मारायच्या प्रकारात, ६०० पैकी ५९७ गुण, विश्वविक्रमाची बरोबरी. महिलांची ती स्पर्धा ऑलिंपिकमध्ये कधीच नव्हती. मग ते जगज्जेतेपद कमी दर्जाचं होतं का? आपण तिला डोक्यावर घेतलं, आणि योग्यच केलं. पुरुषांची प्रोनसुद्धा २०१६ च्या रिओनंतर ऑलिंपिकमधून गेली. समित्या यादी बदलत राहतात, त्यावर खेळाची किंमत ठरवायची नसते.

आणि 'निवृत्त साहेब' हे चित्र अपुरं आहे. बिस्लेला शाळकरी मुलांच्या संघांची अ‍ॅशबर्टन शील्ड १८६१ पासून चालू आहे. १९३० मध्ये तिथला सर्वांत मोठा किताब, किंग्ज प्राइझ, मार्जरी फॉस्टर नावाच्या कोंबड्या पाळणाऱ्या बाईनं जिंकला. हजार यार्डांवरच्या शेवटच्या गोळीवर, एका गुणानं, लष्करातल्या पट्टीच्या नेमबाजाला मागं टाकून. त्या स्पर्धेत बायकांसाठी वेगळा गट नव्हता आणि आजही नाही. एकाच फायरिंग पॉइंटवर बाई आणि पुरुष शेजारी शेजारी झोपून मारतात. ज्या गावानं तेजस्विनी दिली, राही सरनोबत दिली, त्या गावाला ही गोष्ट जवळची वाटायला हवी.

आता तुमचा तिसरा मुद्दा. मी मूळ लेखात यावर कमी लिहिलं होतं, म्हणून इथं सविस्तर लिहिते. एकट्याचा खेळ, हे १० मीटर आणि ५० मीटरच्या बाबतीत बरंचसं खरं आहे. स्वप्निल कुसाळे २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकला फायनलमध्ये उभा होता तेव्हा त्याच्या मदतीला कुणी येऊ शकत नव्हतं. पात्रता फेरीत तो ५९० गुणांवर सातवा होता. फायनलमध्ये उभ्यानं मारायच्या फेरीत तो वर सरकत गेला आणि ४५१.४ वर कांस्यपदक घेऊन थांबला. कांबळवाडीच्या पोराची ती एकट्याची लढाई होती.

कोलापोरची लढत वेगळी आहे. संघ आठ जणांचा. प्रत्येकानं ३००, ५०० आणि ६०० यार्डांवर मोजणीच्या दहा-दहा गोळ्या मारायच्या, एका गोळीला जास्तीत जास्त पाच गुण, संघाचे पूर्ण गुण १२००. रायफल ७.६२ मिलिमीटरची, दर गोळीला बोल्ट ओढून भरायची. दुर्बीण नाही, अपर्चर साईट, म्हणजे बारीक भोकातून नेम धरायचा. दंडाला स्लिंग, म्हणजे रायफलीचा पट्टा, आवळायची, पालथं झोपायचं आणि मारायचं. सहाशे यार्ड म्हणजे साडेपाचशे मीटर. गोळीला तिथं पोचायला पाऊण सेकंदाहून जास्त वेळ लागतो. ताशी पंधरा किलोमीटरचा आडवा वारा असेल तर तेवढ्यात ती सुमारे दोन फूट बाजूला जाते. इथं एकट्याच्या हाताची स्थिरता पुरत नाही, वारा कुणीतरी वाचावा लागतो.

म्हणून संघाच्या लढतीत नेमबाजाच्या मागं कोच बसतो. त्याच्यासमोर स्टँडवर टेलिस्कोप असतो. तो निशाणाकडं कमी बघतो. वाटेतले झेंडे किती उचलले जातायत आणि जमिनीवरची वाफ कुठल्या बाजूला वाहतेय, यावर त्याची नजर. वारा बदलला की तो पुढं वाकतो, नेमबाजाच्या साईटची कडी स्वतःच्या हातानं दोन खटके फिरवतो आणि सांगतो, मार. नेमबाजानं विचारायचं नाही की किती फिरवलं, का फिरवलं. त्यानं श्वास धरायचा, काळा ठिपका कड्यात मधोमध ठेवायचा आणि ट्रिगर दाबायचा. गोळी डावीकडं गेली तर चूक कोचची, वर-खाली गेली तर नेमबाजाची. निशाणाच्या खाली खड्ड्यातली माणसं बोर्ड खाली ओढतात, भोकात खुणेची चकती लावतात, पुन्हा वर करतात. (आता बऱ्याच ठिकाणी इलेक्ट्रॉनिक निशाणं आली आहेत.) चकती कुठं दिसते ते बघून कोच पुढच्या गोळीचं ठरवतो आणि शेजारच्या निशाणावरच्या कोचलाही सांगतो. एकाची गोळी दुसऱ्याच्या कामी येते ती अशी.

दादा, याला बेरीज म्हणता येणार नाही. स्वतःच्या साईटवर दुसऱ्याचा हात चालू द्यायचा, ही नेमबाजाला सगळ्यांत अवघड वाटणारी गोष्ट आहे. आखाड्यात कडेला उभ्या वस्तादाच्या एका शब्दावर पैलवान डाव बदलतो, तसाच हा भरवसा आहे. कोल्हापूरला तो नव्यानं शिकवावा लागणार नाही.

तुमचा शेवटचा मुद्दा पेलेटचा. यात मी शंभर टक्के तुमच्या बाजूनं आहे. माझी भाची कोल्हापुरातल्या दुधाळीच्या रेंजवर एअर रायफल शिकते, त्यामुळं हे मी रोज बघते. जाड कॅनव्हासचं जॅकेट एकीचं झालं की दुसरी घालते, बाह्या दोन-दोन इंच लांब. पेलेटची डबी उघडली की पोरी आधी मोजतात, मग आपसात वाटून घेतात. सरावात मारलेली प्रत्येक गोळी वहीत लिहायची, वाया घालवायची नाही. एकदा भाचीनं सरावातच एक सुरेख ग्रुप काढला, दहाच्या दहा गोळ्या रुपयाच्या नाण्याखाली झाकल्या जातील असा, आणि लगेच थांबली. मी म्हटलं, अजून मार की. म्हणाली, आत्या, उरलेल्या उद्याला ठेवल्यात. परदेशी बनावटीची रायफल घ्यायची तर आई-बाप दागिना मोडायचा विचार करतात. एका जिल्हा पातळीच्या स्पर्धेत पोरं सकाळपासून उपाशी बसली आणि संयोजकांकडं साधी पाण्याची सोय नव्हती, हेही मी पाहिलंय. हे सगळं सुटलं पाहिजे, आणि आधी सुटलं पाहिजे.

पण पेलेट की बिस्ले, अशी निवड करायची वेळ आपल्यावर आलेली नाही. या पोरींपुढं आज एकच शिडी आहे : जिल्हा, राज्य, राष्ट्रीय, मग भारतीय संघाची निवड चाचणी. वर जागा दोन-तीन. पहिल्या तीसांत येणारी, रोज नेमानं मारणारी, पण त्या दोन-तीनांत न बसणारी पोरगी पंचविशीत रायफल विकून टाकते. आपल्याकडची किती चांगली नेमबाज अशी गेली ते तुम्हाला ठाऊक असेल. आठ जणांचा संघ, वयाची अट नसलेली स्पर्धा, चाळिशीतही मारता येणारा प्रकार, हे त्यांच्यासाठी आणखी एक दार आहे. तिकडचे बहुतेक खेळाडू हौशीच असतात, नोकरी-धंदा सांभाळून, पदरचे पैसे घालून येतात. तुम्ही हा दोष म्हणून लिहिलंय. मला त्यात हेच दिसतं की पदक मिळालं नाही तरी माणूस खेळात टिकून राहू शकतो.

अडचणी खऱ्या आहेत. ७.६२ ची रायफल सामान्य नागरिकाला सहज मिळत नाही, कायदा कडक आहे आणि तो असावाही. सहाशे यार्डांची रेंज सैन्य नाहीतर निमलष्करी दलांकडंच असते. पण २०१० च्या दिल्ली राष्ट्रकुल स्पर्धांत हाच फुलबोअर, म्हणजे मोठ्या रायफलीचा लांब पल्ल्याचा प्रकार दिल्लीजवळ कादरपूरला, सीआरपीएफच्या रेंजवर झाला होता, हजार यार्डांपर्यंत. म्हणजे जागा आहे. मध्य प्रदेशात महूला सैन्याचं नेमबाजी केंद्र आहे, तिथं मोठ्या बोअरची रायफल मारणारे जवान आहेत. बिगबोअरच्या राष्ट्रीय स्पर्धाही होतात. पहिला संघ सैन्यातूनच जाईल, हे मला दिसतं. जाऊ दे. आपल्या जिल्ह्यातून सैन्यात गेलेली पोरं काय कमी आहेत? त्यांच्या मागोमाग नागरी नेमबाजांना वाट मिळेल, सरावासाठी आठवड्यातले दोन दिवस रेंज उघडी ठेवण्याची परवानगी मागता येईल. कोल्हापूरनं हे मागितलं तर त्याला वजन येईल, कारण कपावर नाव आपलं आहे.

तुम्ही ओघात लिहिलंय की कॉलेजात असताना एनसीसीत थ्री-नॉट-थ्री रायफल मारायचात आणि तुमच्या सुभेदारांनी तुम्हाला गवताच्या पात्यावरून वारा ओळखायला शिकवलं होतं. दादा, दुधाळीवरच्या पोरी छपराखाली दहा मीटरवर मारतात, त्यांनी वारा कधी वाचलेलाच नाही. पुढं ५० मीटरला गेल्यावर तो त्यांना लागणारच आहे, बिस्लेला जावोत न जावोत. रविवारी सकाळी आठ ते दहा त्या तिथं असतात. तुम्ही याल का? मी त्यांच्या सरांशी बोलून ठेवलंय, ते हो म्हणालेत. येताना जुनी रेंज-वही असेल तर तीही आणा.