भारत भवनातलं एक वर्ष

बँकेने भोपाळला बदली केली तेव्हा घरचे म्हणाले, एक वर्ष काढ, मग बघू. ते वर्ष आता संपत आलंय. या वर्षातल्या सगळ्यात जास्त संध्याकाळी मी श्यामला हिल्सवरच्या भारत भवन या कलाकेंद्रात घालवल्या. त्याबद्दल मनात बरंच साठलंय, म्हणून ही लांबलचक पोस्ट.

ज्यांनी पाहिलेलं नाही त्यांच्यासाठी थोडं सांगतो. 13 फेब्रुवारी 1982 ला भारत भवन सुरू झालं. आर्किटेक्ट चार्ल्स कोरिया, म्हणजे पणजीची कला अकादमी ज्यांनी उभी केली तेच. रस्त्यावरून इमारत जवळजवळ दिसतच नाही. टेकडीच्या उतारावर ती खाली खाली उतरत गेली आहे. आपण गच्चीच्या पातळीवर आत शिरतो आणि पायऱ्या उतरत एकेका चौकात पोचतो. समोर बडा तालाब. पायऱ्यांवर कॉलेजची पोरंपोरी बसलेली असतात. त्यातली निम्मी काहीच बघायला आलेली नसतात, आणि मला तेच फार आवडतं. चित्र-शिल्पांसाठी रूपंकर, कवितेसाठी वागर्थ, संगीतासाठी अनहद, नाटकासाठी अंतरंग आणि तलावाकडे तोंड करून असलेलं खुलं बहिरंग. सगळं एकाच आवारात.

मी नाटकवेडा. चित्रांच्या वाटेला कधी गेलो नव्हतो. पण नाटकाला लवकर पोचलो की वेळ काढायला रूपंकरमध्ये शिरायचो, आणि तिथे जे. स्वामीनाथन यांनी काय करून ठेवलंय ते हळूहळू उमगत गेलं. स्वतः मोठे चित्रकार असलेल्या या माणसाने तरुण कलाकारांना मध्य प्रदेशातल्या खेड्यापाड्यांत पाठवलं आणि आदिवासी व लोककलाकारांचं काम शहरी आधुनिक चित्रकारांच्या तोडीस तोड म्हणून त्याच संग्रहालयात मांडलं. हस्तकला म्हणून बाजूच्या कोपऱ्यात ठेवलं नाही. पाटनगढचे गोंड चित्रकार जनगढसिंह श्याम याच शोधातून भोपाळला आले. ठिपक्यांनी आणि बारीक रेघांनी भरलेली त्यांची हरणं, पक्षी, देव बघताना नजर एका जागी ठरतच नाही. त्यांच्या मागून आलेल्या गोंड चित्रकारांच्या शैलीला आज ‘जनगढ कलम’ म्हणतात.

आणि भुरीबाई. झाबुआ जिल्ह्यातल्या पिटोलच्या भिल्ल. भारत भवनाचं बांधकाम चालू असताना त्या तिथे मजुरीला होत्या, डोक्यावरून विटा वाहायच्या. त्यांना हिंदी येत नव्हतं. स्वामीनाथन यांनी त्यांना कागद आणि रंग देऊन चित्र काढायला बसवलं. 2021 साली त्यांना पद्मश्री मिळाली. जी इमारत त्यांनी मजूर म्हणून बांधली, तिच्यातच त्या चित्रकार झाल्या. मला या एका गोष्टीपुढे सगळी उद्घाटनाची भाषणं फिकी वाटतात.

इथलं ग्राफिक्स वर्कशॉप, म्हणजे कोरलेल्या प्लेटवरून कागदावर चित्रं छापायची कार्यशाळा, मला एका ओळखीच्या प्रिंटमेकरमुळे आतून बघता आलं. जस्ताच्या प्लेटवर शाई चोळायची, मग जाळीच्या कापडाने ती इतकी पुसायची की फक्त कोरलेल्या रेषांत उरेल. वर ओलसर कागद, त्यावर ब्लँकेट, आणि प्रेसचं मोठं चाक दोन्ही हातांनी फिरवायचं. कागद कोपऱ्यातून सोलून काढेपर्यंत खोलीत कोणी बोलत नाही. मग चारपाच डोकी त्या कागदावर वाकतात आणि वाद सुरू होतो. तो वाद ऐकताना मला तालमीची आठवण झाली. आपल्या नाटकातही खरं काम असंच होतं, प्रयोगाच्या आधी, चार माणसांच्या भांडणात.

म्हणूनच एक गोष्ट इथे आल्यापासून सलते. नाट्यदिग्दर्शक ब. व. कारंत यांनी इथे रंगमंडळ उभं केलं होतं. पगारी नटांचं, रोज तालीम करणारं. ते पुढे बंद पडलं. आज बाहेरून नाटकं येतात, चांगली येतात, महोत्सव होतात. पण पाहुण्यांच्या जीवावर घर चालत नाही. नट दुपारी तालीम करतोय, शेजारी कोणी माती मळतंय, वर कोणी कविता वाचतंय, हे रोज घडलं तरच एका आवारात इतक्या कला ठेवण्याला अर्थ आहे. माझं स्पष्ट मत आहे की रंगमंडळ बंद होणं हे भारत भवनाचं सगळ्यात मोठं नुकसान आहे, आणि ते पुन्हा उभं राहायलाच हवं.

हे वाचून कोणी म्हणेल, आपल्याकडे महाराष्ट्रात काय कमी आहे? इमारती खरंच कमी नाहीत. प्रभादेवीला पु. ल. देशपांडे महाराष्ट्र कला अकादमीत नाट्यगृह आणि कलादालन एकाच आवारात आहेत. नाटकाला तिकीट काढणारा प्रेक्षक तर आपल्याइतका क्वचितच कुठे असेल. पण जिव्या सोमा मशे यांची वारली चित्रं आणि आधुनिक चित्रकार वासुदेव गायतोंडेंची चित्रं एकाच संग्रहालयात, सारख्याच मानाने, कुठल्याही दिवशी जाऊन बघता येतील अशी जागा मला महाराष्ट्रात सापडलेली नाही. मशे यांना 2011 ला पद्मश्री मिळाली. वारली आपण मात्र कपांवर, पडद्यांवर, सोसायटीच्या भिंतींवर छापतो आणि चित्रकाराचं नावही विचारत नाही. मला याचा खरंच राग येतो.

नवं सांस्कृतिक केंद्र होणार अशी बातमी आली की आपण आसनक्षमता आणि पार्किंग विचारतो. यापुढे हेही विचारूया: तालमीच्या खोल्या किती? चित्रकाराला सहा महिने फुकट काम करता येईल असा स्टुडिओ आहे का? पालघरच्या, गडचिरोलीच्या कलाकाराला तिथे राहायची सोय आहे का, आणि मानधन किती? नगरसेवक, आमदार, जो कोणी भूमिपूजनाला येईल त्याला विचारूया.

भोपाळला येणार असाल तर सोमवार टाळा, त्या दिवशी बंद असतं. बाकी कुठल्याही दिवशी दुपारी या, म्हणजे चित्रं बघून संध्याकाळचा कार्यक्रमही गाठता येईल. मी बदली आणखी एक वर्ष वाढवून मागितली आहे. मंजूर झाली तर सोबतीला येईन.