‘अशेम्ड’ म्हणजे लाजलेला नव्हे

‘रोज एक इंग्रजी शब्द’ छापाचा एक मजकूर सध्या व्हॉट्सअ‍ॅपवर फिरतो आहे. शब्द आहे ‘अशेम्ड’. दावे थोडक्यात असे: मूळ शब्द ‘शेम’ आपल्या संस्कृत ‘शर्म’वरून गेला, पुढे लागलेला ‘अ’ नकाराचा, म्हणजे खरा अर्थ ‘निर्लज्ज’, पण इंग्रजांनी तो उलटा करून ठेवला, आज अर्थ ‘लाजणे’, त्यामुळे ‘शाय’, ‘एम्बॅरस्ड’, ‘शेमफुल’ काहीही वापरा, चालतं, आणि वाक्य करायचं ‘आय अ‍ॅम अशेम्ड फ्रॉम यू’. आठ-दहा ओळींत इतक्या चुका बसवायलाही कसब लागतं.

आधी ‘शर्म’. आपली ‘शरम’ फारसीतून आलेली आहे, संस्कृतातून नाही. संस्कृतात ‘शर्मन्’ आहे खरा, पण त्याचा अर्थ सुख, आसरा, कल्याण. शर्मा हे आडनाव त्यावरूनच आलं. मजकूर खरा मानला तर देशभरातले शर्मा विनाकारण लाजिरवाणे ठरतील. इंग्रजी ‘शेम’ जर्मानिक कुळातला: जर्मनमध्ये ‘शाम’, स्वीडिशमध्ये ‘स्काम’, आणि सगळ्यांच्या मुळाशी ‘स्क’. उलट फारसी ‘शर्म’चं अवेस्तातलं, म्हणजे पारशांच्या प्राचीन धर्मग्रंथातलं, रूप ‘फ्श’ या जोडाक्षराने सुरू होतं. म्हणजे जितकं मागे जावं तितके हे दोन शब्द एकमेकांपासून लांबच जातात. आजचं साम्य योगायोगाचं आहे.

‘अ’ची गोष्ट तशीच. ‘अन्याय’, ‘अज्ञान’ यांतला नकाराचा ‘अ’ ग्रीकमध्येही आहे आणि तिथून तो काही इंग्रजी शब्दांत आला. ‘अशेम्ड’मधला तो नव्हे. हा जुन्या इंग्रजीतला, क्रियापदाला जोर देणारा उपसर्ग. म्हणजे ‘पुरता शरमलेला’. ‘अस्लीप’, ‘अलाइव्ह’ यांतला आणखी तिसराच, ‘ऑन’ झिजून झालेला. तीन वेगळे ‘अ’ आहेत, आणि भाषेचं डोकं जागेवर आहे.

आता अर्थ. इथे मजकूर लिहिणाऱ्याने इंग्रजीपेक्षा मराठीवर जास्त अन्याय केला आहे. ‘ती लाजली’ आणि ‘तिला लाज वाटली’ यांत किती अंतर आहे हे शाळकरी पोरालाही कळतं. लग्न ठरल्याचं कुणी विचारलं की मुलगी लाजते. त्या लाजण्यात चूक नसते, उलट कौतुकच असतं. ते ‘शाय’च्या जवळचं. ‘अशेम्ड’ हे ‘लाज वाटली’च्या बाजूचं: आपण, किंवा आपलं म्हणावं असं कुणी, चुकीचं वागलं आहे असा स्वतःचाच निवाडा त्यात असतो.

‘एम्बॅरस्ड’ फ्रेंचमधून आला, मूळ अर्थ अडवणं, अडथळा आणणं. पैशांची चणचण असलेल्या माणसाला इंग्रजीत अजूनही ‘फायनान्शियली एम्बॅरस्ड’ म्हणतात. त्याला लाज वाटत असेलच असं नाही, त्याचा हात तंग आहे इतकंच. पंगतीत कढी शर्टावर सांडली आणि सगळे बघायला लागले, तर तुम्ही ‘एम्बॅरस्ड’. आपल्याकडे ओशाळणं, कानकोंडं होणं आहे ते. त्याच कढीवरून वाढणाऱ्या पोराला चारचौघांत वाट्टेल ते बोललात आणि रात्री ते आठवून डोळ्याला डोळा लागला नाही, तर ‘अशेम्ड’. पहिली भावना शर्ट बदलला की जाते.

एक सवलत द्यायला हवी. चारशे वर्षांपूर्वीच्या इंग्रजीत ही वाटणी इतकी स्पष्ट नव्हती. 1611 च्या इंग्रजी बायबलमध्ये आदम आणि हव्वा नग्न होते तरी ‘अशेम्ड’ नव्हते असं वाक्य आहे. ‘एम्बॅरस्ड’ हा शब्द आजच्या अर्थाने तेव्हा रुळलाच नव्हता, त्यामुळे दोन्ही ओझी ‘अशेम्ड’च वाहत होता. पण मजकूर आजच्या नोकरीच्या मुलाखतीसाठी आहे म्हणे, 1611 च्या नव्हे.

सगळ्यांत महाग पडणारी चूक ‘शेमफुल’ची. त्यासाठी जालियनवाला बाग आठवावी. फेब्रुवारी 2013 मध्ये ब्रिटिश पंतप्रधान डेव्हिड कॅमेरॉन अमृतसरला गेले आणि तिथल्या अभिप्रायवहीत त्यांनी 1919 च्या हत्याकांडाला ‘डीपली शेमफुल’, म्हणजे अत्यंत लाजिरवाणी, घटना म्हटलं. एप्रिल 2019 मध्ये, शताब्दीच्या तोंडावर, तेव्हाच्या पंतप्रधान थेरेसा मे यांनी संसदेत ‘शेमफुल’ व्रण असा शब्द वापरला. मे यांनी खेदही व्यक्त केला. सरकारच्या वतीने रीतसर माफी कुणीच मागितली नाही. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये कँटरबरीचे तेव्हाचे आर्चबिशप, म्हणजे इंग्लंडच्या चर्चचे सर्वोच्च धर्मगुरू, जस्टिन वेल्बी बागेत आले. आपण ब्रिटिश सरकारच्या वतीने बोलू शकत नाही हे सांगून त्यांनी आपल्यापुरता शब्द निवडला: ‘अशेम्ड’, आणि त्याला जोडून ‘सॉरी’. मग ते जमिनीवर साष्टांग पडले.

‘शेमफुल’ घटनेला चिकटवता येतो आणि चिकटवणारा बाजूला उभा राहू शकतो. ‘अशेम्ड’ला माणूस लागतो, लाज कुणाला वाटते ते सांगावंच लागतं. मुत्सद्द्यांना हा फरक नेमका ठाऊक असतो. व्हॉट्सअ‍ॅपवरच्या शिक्षकाला नसला तर काय नवल! नवख्याचं मात्र हसं होतं: चूक कबूल करायला जाऊन ‘आय अ‍ॅम शेमफुल’ म्हणाल, तर लाज वाटते हे राहील बाजूला, आपणच लाजिरवाणे आहोत असं जाहीर होईल.

राहिला ‘फ्रॉम’. तो हिंदी-मराठीच्या ‘से’, ‘पासून’च्या सवयीने घुसला असावा. ‘अशेम्ड’पुढे ‘ऑफ’ येतो: ‘अशेम्ड ऑफ यू’, तुझी लाज वाटते. ‘फॉर’ही येतो, पण त्याचा रंग निराळा: त्याला स्वतःला काही वाटत नाही, म्हणून त्याच्या वाटची लाज मलाच. ‘व्हेरी अशेम्ड’ बिनधास्त म्हणा; ‘व्हेरी अस्लीप’ मात्र चालत नाही.

आणि पुढे ‘टू’ आला तर क्रियापद बघून घ्या. ‘अशेम्ड टू आस्क’ म्हटलं तर बहुतेक वेळा त्या माणसाने विचारलेलं नसतं. ‘अशेम्ड टू से’ म्हणणारा मात्र पुढच्याच क्षणी सांगून मोकळा होतो. मराठीत वेगळं नाही. ‘विचारायची लाज वाटली’ म्हणजे गप्प बसलो; ‘सांगायला लाज वाटते’ म्हणजे आता ऐका.