सगळ्यांना ‘महोत्सव’ का म्हणता येत नाही : एका प्रतिक्रियेला उत्तर

आपली प्रतिक्रिया मी लक्षपूर्वक वाचली. ख्रिस्ती परंपरेतील विशेष वर्षे आणि स्मरणप्रसंग यांसाठीच्या युबिलेऊम, हायलिगेस यार, एरलासयार आणि गेडेंकन या जर्मन शब्दांतील भेद मी ओढूनताणून काढला आहे आणि मराठीत सर्वांना ‘महोत्सव’ म्हटल्याने काहीही बिघडत नाही, असा आपला आक्षेप आहे. तो मला मान्य नाही. कारण याच भेदावर जर्मनीतील ख्रिस्ती समाजात गंभीर चर्चा झालेली आहे.

३१ ऑक्टोबर १५१७ या दिवसाशी जोडल्या गेलेल्या, मार्टिन ल्युथर यांच्यापासून सुरू झालेल्या आणि ज्यातून प्रोटेस्टंट पंथ निर्माण झाला त्या धर्मसुधारणेला २०१७ मध्ये पाचशे वर्षे पूर्ण होणार होती. प्रोटेस्टंट मंडळींनी त्याला युबिलेऊम, म्हणजे आनंदाने साजरा करण्याचा वर्धापन, म्हटले आणि २००८ पासूनच ‘ल्युथर दशक’ सुरू केले. अनेक कॅथलिकांचा प्रश्न असा होता, की ज्या घटनेनंतर पश्चिमेकडील चर्च दुभंगले आणि पुढे धर्माच्या नावाने युद्धे झाली, तिचा उत्सव आपण कसा करावा? त्यांनी गेडेंकन, म्हणजे स्मरण, हा शब्द धरला. १६१७ पासूनच्या शताब्द्यांमध्ये पोपविरोधी प्रचाराला किती जोर असे, हे लक्षात घेतले म्हणजे ही सावधगिरी रास्त वाटते. अखेरीस दोन्ही बाजूंनी मिळून ‘ख्रिस्तोत्सव’, म्हणजे ख्रिस्ताला केंद्रस्थानी ठेवणारा उत्सव, साजरा करण्याचे ठरले, आणि ११ मार्च २०१७ रोजी हिल्डेसहाइम येथे संयुक्त प्रार्थनेत परस्परांची क्षमा मागण्यात आली. मला हा प्रसंग अतिशय मोलाचा वाटतो.

हायलिगेस यार, म्हणजे पवित्र वर्ष, ही रोमच्या कॅथलिक चर्चची परंपरा आहे. पोप बोनिफेस आठवे यांनी १३०० मध्ये पहिले पवित्र वर्ष जाहीर केले, पुढे १४७० मध्ये पंचवीस वर्षांचे अंतर ठरले, आणि २०२५ हे वर्षही त्याच क्रमातील आहे. या वर्षांशी पापदंडमाफी, म्हणजे पापाबद्दलच्या शिक्षेतून चर्चने दिलेली सूट, जोडलेली आहे, आणि ल्युथर यांचा संघर्ष सुरू झाला तो नेमका त्या माफीच्या व्यवहारावरून.

एरलासयारचा अर्थ आणखी वेगळा आहे. बायबलमधील लेवीय पुस्तकाच्या पंचविसाव्या अध्यायात पन्नासाव्या वर्षी गुलामांना मुक्त करावे आणि विकलेली जमीन मूळ कुळाकडे परत जावी, अशी आज्ञा आहे. मराठी बायबलमध्ये त्याला योबेल म्हणतात. ल्युथर यांनी ‘हालयार’ असा शब्द योजला होता, तर त्यांच्या बायबलच्या आजच्या आवृत्तीत एरलासयार, म्हणजे माफीचे वर्ष, असा शब्द आहे. गरीब देशांची कर्जे माफ व्हावीत म्हणून जर्मनीत ‘एरलासयार २०००’ ही मोहीम उभी राहिली, आणि १९९९ च्या कोलोन येथील जी-८ या प्रमुख देशांच्या गटाच्या शिखर परिषदेत त्या मागणीची दखल घ्यावी लागली. तिला ‘महोत्सव २०००’ म्हटले असते, तर मागणीच नाहीशी झाली असती.

आपल्याकडेही संतांच्या पुण्यतिथीचा उत्सव होतो, हे खरे. पण किल्लारीच्या भूकंपाच्या वार्षिक दिवसाला कोणी महोत्सव म्हणत नाही. जर्मन माणूसही ९ नोव्हेंबर १९३८ च्या ज्यूविरोधी हिंसाचारासाठी युबिलेऊम न म्हणता यारेस्टाग (वार्षिक दिवस) किंवा गेडेंकन म्हणतो.

म्हणून हायलिगेस यारला ‘पवित्र वर्ष’, एरलासयारला ‘ऋणमुक्तीचे वर्ष’ आणि गेडेंकनला ‘स्मरण’ हेच शब्द मी यापुढेही वापरणार आहे.