आईला मूर्ख ठरवणारा मेसेज

‘व्यवहाराची चार कटू सत्यं’ नावाचा मेसेज आठवडाभर सोलापुरात फिरतोय. परवा भाच्यानं तो माझ्या आईला वाचून दाखवला. तिनं तीस वर्षं विड्या वळल्यात. ती ऐकून गप्प बसली, म्हणून मला बोलावं लागतंय.

‘शंभरातला एक रुपया मिळत असताना नाकारतो तो मूर्ख, हे अर्थशास्त्रानं सिद्ध केलंय.’ साफ खोटं! जर्मनीत अर्थतज्ज्ञ व्हेर्नर ग्युथ आणि सहकाऱ्यांनी १९८२ साली नेमकं हेच तपासलं. एकानं रक्कम वाटायची, दुसऱ्यानं हो किंवा नाही म्हणायचं. नाही म्हटलं तर दोघांचेही हात रिकामे. पुढं कितीतरी देशांत हा खेळ झाला. वाटणारे बहुधा चाळीस-पन्नास टक्के देऊ करतात, आणि वाटा वीस टक्क्यांच्या खाली गेला की साधारण निम्मे लोक तो धुडकावतात.

विड्या तपासणारा खराब म्हणून छाट काढायचा, तिची मजुरी कापायचा आणि त्या विड्या मात्र ठेवून घ्यायचा. एकदा छाट फारच निघाली. आईनं तो ढीग ओढून घेतला आणि त्याच्यासमोर दोन्ही हातांनी चुरडला. पुढचे चार दिवस तिला पानं-तंबाखू मिळाली नाही. घरात नुसती भाकरी आणि शेंगाचटणी. तिला मूर्ख म्हणणाऱ्यानं आधी ते चार दिवस काढावेत.

‘मजूर कमी पैशात तयार झाला, म्हणजे मजुरी रास्तच.’ सगळ्यात विषारी मुद्दा हा. एक गोष्ट मान्य करतो: ईशान्य भारतातल्या खेड्यांत हाच खेळ २० ते २०,००० रुपयांवर खेळवला (२०११ साली छापून आलंय), तेव्हा रक्कम मोठी होत गेली तसे नकार जवळजवळ संपले. गरजेपुढं माणूस पडेल ते घेतो. पण मग त्याच्या ‘हो’वरून मजुरी रास्त कशी ठरते? पाचव्या दिवशी आईही त्याच तपासणाऱ्याकडं गेलीच होती.

टंचाईत भाव वाढवणं लोकांना पटतं, हेही खोटं. मानसशास्त्रज्ञ डॅनियल कानेमान आणि सहकाऱ्यांनी १९८६ मध्ये विचारलं तेव्हा हिमवादळानंतर बर्फ उपसायची फावडी महाग करणं ८२ टक्क्यांना अन्याय वाटलं. आणि ‘माणूस फक्त स्वार्थच बघतो’ असं सांगताना अर्थशास्त्राचा जनक म्हणून ॲडम स्मिथचं नाव घेणाऱ्यांनी त्याच्या १७५९ च्या पुस्तकाचं निदान पहिलं वाक्य वाचावं. माणूस कितीही स्वार्थी मानला तरी त्याला दुसऱ्याच्या सुखाची आच असतेच, असं तो तिथं म्हणतो.

भाच्यानं तो मेसेज कॉलेजच्या ग्रुपवरही टाकलाय. आता हेही तिथंच टाक, असं त्याला सांगितलंय.