‘ओल्यावर कोरडा भुसा टाका’ हा सल्ला पिलांच्या मुळावर येतो

ब्रूडरबद्दलचा, म्हणजे कोंबडीची लहान पिलं दिव्याच्या उबेत वाढवायच्या जागेबद्दलचा, एक संदेश सध्या सगळीकडे फिरतोय. त्यात थोडक्यात असं सांगितलंय: पाण्यात व्हिनेगर घातलं की ते तीन दिवस बदलायला नको, पिलं पाणी सांडणारच, तेव्हा ओल्या जागेवर कोरडा भुसा टाकत राहा, वास आला तर चुना भुरभुरा, उरलेली ओल दिव्याच्या उबेने सुकते. काम वाचवणारा सल्ला म्हणून तो पुढे पाठवला जातो. पण यातली एकही गोष्ट जशीच्या तशी करू नका.

‘व्हिनेगरचं पाणी तीन दिवस चालतं.’ चालत नाही. लिटरला ५ मिलि व्हिनेगरने पाण्याचा सामू (pH) खाली येतो, पण घाण झालेलं पाणी त्याने निर्जंतुक होत नाही. पिलं विष्ठेने माखलेले पाय घेऊन भांड्यात उतरतात, चोचीला चिकटलेलं खाद्य पाण्यात सुटतं आणि ब्रूडरच्या उबेत ते आंबू लागतं. भांड्याच्या आतून बोट फिरवून बघा. बुळबुळीत लागलं तर तो जिवाणूंचा थर आहे. तो नुसत्या विसळण्याने जात नाही आणि त्याच्या आतल्या जंतूंपर्यंत क्लोरीनही नीट पोचत नाही. म्हणून आधी ब्रश, मग जंतुनाशक. पाणी सकाळ-संध्याकाळ बदला. दिवसातून एकदा भांडं साबणाने घासा, धुवा आणि ५ टक्के हायपोक्लोराइटचं ब्लीच लिटरला ४ मिलि या प्रमाणात मिसळून त्यात १० मिनिटं बुडवा. मग पुन्हा स्वच्छ धुऊन सुकवा. भांड्यांचे दोन संच असले की एक सुकेपर्यंत दुसरा वापरता येतो.

ब्लीच आणि व्हिनेगर कधीही एकत्र येऊ देऊ नका, त्यातून क्लोरीनचा विषारी वायू सुटतो. गॅल्व्हनाइज्ड पत्र्याच्या भांड्यात व्हिनेगर मुळीच नको, त्याने जस्त पाण्यात उतरतं. गूळ, ग्लुकोज किंवा जीवनसत्त्वं घातलेलं पाणी तर साध्या पाण्यापेक्षा लवकर नासतं, त्यामुळे काही तासांत संपेल एवढंच कालवा. आणि पाण्यातून लस द्यायची असेल तर निदान २४ तास आधी पिण्याच्या पाण्यातलं क्लोरीन बंद करा, नाहीतर लस पाण्यातच मरते.

‘पिलं पाणी सांडणारच.’ आमच्या मते संदेशातलं सगळ्यात घातक वाक्य हेच आहे, कारण ते एकदा मान्य केलं की भांड्याकडे कोणी बघतच नाही. सांडण्याला कारण असतं आणि बहुतेक वेळा ते उंचीत सापडतं. काठ खाली असेल तर पिलं पाण्यात पाय घालतात आणि भुसा उकरून आत लोटतात. भांड्याचा काठ पिलाच्या पाठीच्या रेषेत हवा. पिलं झपाट्याने वाढतात, म्हणून दर दोन-तीन दिवसांनी तो वर घ्यावा लागतो. पहिले काही दिवस भांड्याच्या पन्हाळीत, म्हणजे पिलं पितात त्या कडेच्या खोलगट भागात, स्वच्छ गोटे ठेवा, म्हणजे पिलं बुडत नाहीत.

दुसरं कारण उतार. उलट्या बरणीचं भांडं तिरकं बसलं की खालच्या बाजूच्या काठावरून पाणी वाहत राहतं. बरणीला बारीक तडा असेल तर हवा आत शिरून सगळंच पाणी ओसरतं. पन्हाळीतली पाण्याची रेषा सगळीकडे काठापासून सारख्याच अंतरावर दिसते का, एवढं बघितलं तरी उतार कळतो. निपल (चोच लावली की थेंब सोडणारी नळीवरची तोटी) वापरत असाल आणि त्याच्या रेषेखाली ओली पट्टी दिसत असेल तर पाण्याचा दाब कमी करा.

भांडं भुशावर ठेवूच नका. उथळ ट्रे, त्यावर जाळीची चौकट आणि चौकटीवर भांडं, अशी रचना करा. लहान पिलांचे पाय अडकणार नाहीत इतकी जाळी बारीक हवी, ६ ते १२ मिमी. चौकट भांड्याच्या चारी बाजूंनी वीतभर पुढे आली पाहिजे, म्हणजे चोचीतून गळणारे थेंबही ट्रेमध्येच पडतात. ट्रे रोज रिकामा करा.

‘ओल्यावर कोरडा भुसा टाका.’ वर कोरडं दिसतं, खाली ओल कोंडते. तिथे विष्ठा कुजते, अमोनिया तयार होतो आणि पापडी धरते. रक्ती हगवण लावणाऱ्या कोक्सिडिया या सूक्ष्म परजीवीच्या अंड्यांना रोग लावण्याजोगं व्हायला ऊब, ओल आणि हवा लागते. ब्रूडरमध्ये ऊब आणि हवा असतेच, ओल आपण पुरवतो. ती मिळाली की एक-दोन दिवस पुरतात, आणि पिलं तीच जागा उकरून टिपतात. सामान्य जंतुनाशकांनी ही अंडी मरत नाहीत.

म्हणून ओला भाग थेट जमिनीपर्यंत खरवडून, आजूबाजूचा वीतभर कोरडा दिसणारा भागही घेऊन बाहेर काढा आणि मगच नवीन तूस किंवा लाकडाचा जाडसर भुसा भरा. भुशाची ही गादी ५ ते ८ सेंमी जाड ठेवा आणि रोज हलवा. मूठभर गादी दाबून बघा: गोळा तसाच राहिला तर ओल जास्त, मूठ उघडताच सैल होऊन सुटला तर ठीक, गोळा मुळीच धरला नाही आणि धूळ उडाली तर फार कोरडी. वरून थर देत जाण्याची डीप लिटर पद्धत खरी आहे, पण ती कोरड्या, हलवलेल्या गादीवर चालते, चिखलावर नाही.

‘वास आला तर चुना.’ चुन्याने गादीचा सामू वाढतो, आणि सामू वाढला की अमोनिया आणखी जोरात सुटतो. शिवाय चुन्याची पूड पिलांच्या डोळ्यांत आणि पायांवर बसते. रिकाम्या शेडमध्ये, दोन बॅचच्या मधे तो वापरणं वेगळं. वास उभ्याने घेऊ नका, पिलांच्या उंचीवर वाकून घ्या.

‘दिवा सुकवतो.’ दिव्याने पाण्याची वाफ होते, पण तिला बाहेर जायला वाट नसेल तर रात्री तीच भिंतीवर आणि पडद्यावर ओघळते. पडदे खालून बंद ठेवा, वरून फट सोडा. पहिल्या आठवड्यात पिलांच्या पातळीला ३२ ते ३५ अंश सेल्सिअस तापमान राखा, आणि पाणी थेट दिव्याखाली न ठेवता उबेच्या कडेला ठेवा.

एवढं करूनही ओल राहिली तर ती कुठे आहे ते बघा. भांड्याभोवती कडं असेल तर दोष भांड्याचा. सगळीकडे सारखी असेल तर हवा कोंडतेय किंवा पिलं दाटीने आहेत. विष्ठाच पाण्यासारखी असेल तर खाद्यातलं मीठ तपासा, आणि विष्ठेत रक्त दिसलं तर त्याच दिवशी पशुवैद्यकांना बोलवा.