व्हॅल्प्रोएट विष आणि लेव्हेटिरासिटाम अमृत? तो मेसेज पुढे पाठवण्याआधी हे वाचा

सध्या फिटच्या गोळ्यांबद्दल एक मेसेज सगळीकडे फिरतोय. थोडक्यात सांगायचं तर त्यात असं म्हटलंय की व्हॅल्प्रोएट हे जुनाट औषध आहे, लिव्हर खलास करतं, कुणालाच देऊ नये, आणि लेव्हेटिरासिटाम हे नवीन औषध त्याच्यापेक्षा भारी आहे, साइड इफेक्ट शून्य, रक्त तपासायची गरज नाही, प्रेग्नन्सीत शंभर टक्के सेफ, आणि डॉक्टर गोळी बदलून देत नसतील तर तुम्हीच तेवढ्याच मिलिग्रॅमची नवीन गोळी सुरू करा. माझ्या धाकट्या भावाला एपिलेप्सी आहे, या दोन्ही गोळ्या त्याने घेतल्यात, त्यामुळे हे वाचून माझं डोकंच फिरलं. एकेक मुद्दा घेते. सुरुवात शेवटच्या वाक्यापासून, कारण जिवाला धोका तिथेच आहे.

"तेवढ्याच मिलिग्रॅमची नवीन गोळी सुरू करा." अहो, ही दोन पूर्ण वेगळी औषधं आहेत, मेंदूत काम करायची पद्धत वेगळी, शरीरातून बाहेर पडायचा रस्ता वेगळा, एकाच्या 500 चा दुसऱ्याच्या 500 शी काहीही संबंध नाही. आणि फिटची कुठलीही गोळी अचानक बंद केली तर दबून राहिलेल्या फिट्स एकदम उसळून येऊ शकतात, कधीकधी एकामागून एक, थांबतच नाहीत, त्याला स्टेटस एपिलेप्टिकस म्हणतात आणि ती सरळसरळ इमर्जन्सी असते. म्हणून डॉक्टर बदल करतात तेव्हा बहुतेक वेळा नवीन गोळी हळूहळू वाढवतात आणि जुनी हळूहळू उतरवतात, मधले काही आठवडे दोन्ही चालू असतात. त्यात पेशंट लॅमोट्रिजिन ही फिटचीच आणखी एक गोळीही घेत असेल तर अजूनच गुंता, कारण व्हॅल्प्रोएटमुळे लॅमोट्रिजिनची रक्तातली पातळी जवळपास दुप्पट होते. व्हॅल्प्रोएट काढलं की ती पातळी खाली येते, म्हणजे तुम्ही बंद केली एक गोळी आणि कमजोर झाल्या दोन. हे सगळं मेसेज लिहिणाऱ्याला माहीत नसेल तर त्याने डोस सांगूच नये.

आता "नवीन म्हणजे भारी". व्हॅल्प्रोएट 1960 च्या दशकापासून वापरात आहे, लेव्हेटिरासिटामला अमेरिकेत 1999 मध्ये मंजुरी मिळाली, त्यामुळे एक जुनं आणि एक नवीन हे खरंच आहे. पण भारी कोण हे वयावरून ठरत नाही, समोरासमोर ट्रायल घेऊन ठरतं, आणि अशी ट्रायल झालीय. ब्रिटनमध्ये सॅनॅड 2 नावाचा मोठा अभ्यास झाला, 2021 मध्ये लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात छापून आला. त्याच्या एका भागात नव्याने निदान झालेली 520 माणसं होती, ज्यांची एपिलेप्सी जनरलाइज्ड प्रकारची होती, म्हणजे फिट मेंदूच्या दोन्ही बाजूंना एकदमच सुरू होते ती, किंवा प्रकार नक्की सांगता येत नव्हता. अर्ध्यांना व्हॅल्प्रोएट, अर्ध्यांना लेव्हेटिरासिटाम. प्रश्न असा होता की सलग 12 महिने फिटशिवाय जाण्याच्या बाबतीत लेव्हेटिरासिटाम निदान व्हॅल्प्रोएटच्या तोडीचं तरी आहे का. तर तेवढंही सिद्ध झालं नाही. आणि ज्यांनी ठरलेलं औषध ठरल्याप्रमाणे घेतलं फक्त त्यांचा हिशोब केला तेव्हा व्हॅल्प्रोएट चक्क पुढे निघालं.

माझ्या भावाला ज्युव्हेनाइल मायोक्लोनिक एपिलेप्सी आहे. हा जनरलाइज्डमधलाच एक प्रकार, साधारण किशोरवयात सुरू होतो, आणि बऱ्याचदा कुणाला कळतच नाही की ही एपिलेप्सी आहे, कारण सुरुवातीला मोठी फिट नसतेच. सकाळी उठल्या उठल्या हाताला झटका येतो आणि हातातला ब्रश उडून बेसिनमध्ये पडतो, पुन्हा उचलला की पुन्हा उडतो, आम्ही त्याला धांदरट म्हणायचो. रात्री जागरण झालं की दुसऱ्या दिवशी जास्त. या प्रकारात व्हॅल्प्रोएट अतिशय चांगलं चालतं हे न्यूरॉलॉजीत वर्षानुवर्षं माहीत आहे, आणि उलट कार्बामाझेपीन, फेनिटॉइनसारख्या गोळ्यांनी हे झटके वाढू शकतात. म्हणजे फिटचा प्रकार विचारल्याशिवाय "अमुक गोळी चांगली" हे वाक्यच अर्धवट आहे.

आणि प्रकार बदलला की उत्तरही बदलतं बरं का. फोकल एपिलेप्सी, म्हणजे मेंदूच्या एका भागातून फिट सुरू होते ती, तिथे त्याच सॅनॅड 2 च्या दुसऱ्या भागात 990 जणांमध्ये लॅमोट्रिजिन, लेव्हेटिरासिटाम आणि झोनिसामाइड यांची तुलना झाली. तिथे लॅमोट्रिजिन सरस ठरलं, लेव्हेटिरासिटाम त्याच्या तोडीचं आहे हे तिथेही सिद्ध झालं नाही. शिवाय औषधाचा त्रास झाला असं सांगणारे लॅमोट्रिजिनवर 33 टक्के, लेव्हेटिरासिटामवर 44 टक्के.

त्यावरून "साइड इफेक्ट शून्य" या दाव्याकडे येते. शून्य? व्हॅल्प्रोएटशी जी तुलना झाली तिच्यातही त्रास सांगणारे लेव्हेटिरासिटामवर 42 टक्के होते आणि व्हॅल्प्रोएटवर 37. झोप येणं, थकवा, चक्कर हे तर आहेच, पण खरा प्रश्न स्वभावाचा असतो. भावाला आधी लेव्हेटिरासिटामच दिलं होतं. आमचा मुलगा इतका शांत की कुणाशी आवाज चढवून बोलणार नाही, आणि तो चार्जर सापडला नाही म्हणून मोबाईल भिंतीवर फेकायला लागला, दार आपटायला लागला, आईवर ओरडायला लागला. घरात सगळे म्हणत होते वय आहे, कॉलेजचं टेन्शन आहे. एका रात्री तोच माझ्याकडे येऊन म्हणाला, "ताई, मला कळतंय मी उगाच चिडतोय, पण थांबवताच येत नाहीये." डॉक्टरांना सांगितलं तर त्यांनी लगेच गोळीवर बोट ठेवलं आणि हळूहळू व्हॅल्प्रोएटवर नेलं, आणि चिडचिड गेली. आता एका भावावरून मी काही सिद्ध करत नाहीये, असंख्य लोक लेव्हेटिरासिटाम वर्षानुवर्षं मजेत घेतात आणि त्यांच्यासाठी ती उत्तम गोळी आहे. पण चिडचिड, राग, उदासी हे त्या औषधाचे नोंदलेले परिणाम आहेत, आणि "शून्य" असं वाचलेल्या घरात ते कुणी गोळीशी जोडणारच नाही, पोरालाच बोलणी बसतील. जिवाचं बरंवाईट करायचे विचार येत असतील तर वाट न बघता त्याच दिवशी डॉक्टरांशी बोला, गोळी कुठलीही असो.

रक्त तपासण्याबद्दल थोडंच. लेव्हेटिरासिटाम लिव्हरवर फारसा भार टाकत नाही आणि इतर औषधांशी तिची भांडणं कमी, हे खरं आहे आणि तो मोठा फायदा आहे. पण ती मुख्यतः किडनीतून बाहेर जाते, त्यामुळे किडनी कमजोर असेल तर क्रिएटिनिन (किडनीचं काम सांगणारी रक्ताची तपासणी) बघून डोस कमी करावा लागतो. वयस्कर माणसांत हे हमखास विसरलं जातं.

लिव्हरचं भय निराधार नाही. व्हॅल्प्रोएटने क्वचित लिव्हरला गंभीर इजा होते, जास्त धोका दोन वर्षांच्या आतल्या बाळांना, त्यातही एकापेक्षा जास्त गोळ्या चालू असतील तर, आणि काही जन्मजात मायटोकॉन्ड्रियाच्या (पेशींना ऊर्जा पुरवणाऱ्या भागाच्या) आजारांत. अशांना डॉक्टर ते टाळतातच. बाकीच्यांना रोजच्या जगण्यात जाणवतात ते त्रास म्हणजे वजन वाढणं, हात थरथरणं, केस गळणं. सतत उलट्या, पोटात जोरात दुखणं, डोळे पिवळे होणं, विचित्र गुंगी असं काही दिसलं तर ताबडतोब दाखवायचं. पण "कुणालाच देऊ नये" हे कुठून काढलं?

हो, एका बाबतीत मेसेजवाला निम्मा बरोबर आहे, आणि तिथे मी त्याच्याहून जोरात बोलेन. ज्या मुलीला किंवा बाईला पुढे मूल होऊ शकतं तिच्यासाठी व्हॅल्प्रोएट हा शक्यतो टाळायचाच पर्याय. गरोदरपणात फिटच्या गोळ्या घेणाऱ्या बायकांची नोंद ठेवणाऱ्या युरॅप रजिस्ट्रीच्या 2018 मध्ये आलेल्या आकड्यांत गरोदरपणी व्हॅल्प्रोएट घेतलेल्या आयांच्या बाळांपैकी 10.3 टक्क्यांत मोठे जन्मजात दोष दिसले, लॅमोट्रिजिनवर 2.9 टक्के आणि लेव्हेटिरासिटामवर 2.8. डोस जास्त तसा धोका जास्त. शिवाय व्यंग नसलं तरी बोलायला, शिकायला उशीर होणं, ऑटिझम असे प्रश्न त्या मुलांमध्ये खूप जास्त दिसतात. ब्रिटनने 2018 पासून खात्रीचं गर्भनिरोधन असल्याशिवाय अशा स्त्रियांना ते द्यायचं नाही असा नियम केला. पुरुषांनाही आता सावध केलं जातंय, 2024 मध्ये युरोपच्या औषध नियामकाने सांगितलं की मूल हवं असेल तर व्हॅल्प्रोएट घेणाऱ्या पुरुषाने आधी डॉक्टरांशी बोलावं. माझ्या भावाच्या जागी बहीण असती तर तिचं उत्तर वेगळं निघालं असतं, आजार तोच असूनही.

पण "शंभर टक्के सेफ" हे लेव्हेटिरासिटामबद्दलही म्हणता येत नाही. धोका कमी आहे इतकंच. आणि गरोदरपणात लेव्हेटिरासिटाम काय, लॅमोट्रिजिन काय, दोन्हींची रक्तातली पातळी घसरते, त्यामुळे आधी व्यवस्थित कंट्रोल असलेल्या बाईला फिट येऊ शकते, पातळी तपासून डोस वाढवावा लागतो. म्हणजे जिथे "रक्त तपासायला नको" म्हटलंय तिथेच तपासायची वेळ येते! आणि व्हॅल्प्रोएट चालू असताना दिवस गेल्याचं कळलं तर घाबरून गोळी फेकून देऊ नका, मोठी फिट आई आणि बाळ दोघांनाही महागात पडू शकते. त्याच दिवशी न्यूरॉलॉजिस्टला गाठा, काय करायचं ते ते ठरवतील.

ज्यांनी तो मेसेज वाचून गोळी आधीच बदललीय त्यांनी आत्ता फोन उचला, आपल्या डॉक्टरांना जुनी गोळी किती होती, कधी बंद केली, नवीन किती चालू आहे हे जसंच्या तसं सांगा, लाजू नका. तोवर एकट्याने पोहायला जाऊ नका, गाडी चालवू नका, बाथरूमला आतून कडी लावू नका. घरच्यांनी घड्याळाकडे लक्ष ठेवायचं: फिट 5 मिनिटांत थांबली नाही, किंवा शुद्धीवर यायच्या आत दुसरी आली, तर कुशीवर वळवून लगेच अॅम्ब्युलन्स बोलवायची, तोंडात काहीही घालायचं नाही.